छोट्या पडद्यावरचा रॉक आणि राहून गेलेली नावे

रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये दोन वाद कधीच मिटत नाहीत. दूरचित्रवाणीवर झालेल्या थेट सादरीकरणांत सरस कोणते, हा पहिला वाद. अंगी गुण असूनही ज्याचे नाव झाले नाही असा कलावंत कोण, हा दुसरा. वरवर पाहता हे दोन वेगळे विषय आहेत. प्रत्यक्षात दुसऱ्या वादाचे उत्तर बऱ्याच अंशी पहिल्यात दडलेले असते. ज्याचे गाणे-वाजवणे कॅमेऱ्याने टिपले, ज्याची फीत जपली गेली आणि पुन्हा पुन्हा दाखवली गेली, तो पुढच्या पिढीच्या स्मरणात राहिला. ज्याच्या वाट्याला हे आले नाही, त्याच्याविषयी केवळ जुन्या श्रोत्यांच्या आठवणी उरल्या. मुंबईच्या उपनगरांपासून पुण्यापर्यंत पसरलेल्या रॉक चळवळीलाही हाच नियम लागू पडतो. म्हणूनच जगातील काही गाजलेले प्रसंग आणि आपल्याकडचा अनुभव यांचा एकत्र विचार करणे उद्बोधक ठरते.

'थेट' म्हणजे किती थेट?

तुलना करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी लागते. पडद्यावर गाताना दिसणारा प्रत्येक गायक त्या क्षणी गात असतोच असे नाही. बीबीसीचा 'टॉप ऑफ द पॉप्स' हा कार्यक्रम १९६४ ते २००६ अशी बेचाळीस वर्षे चालला. मात्र त्यातील बराच काळ कलावंत आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवत असत. १९९१ मध्ये 'निर्वाणा' या अमेरिकी बँडने या प्रथेची जाहीर थट्टाच केली. वादन मुद्रित आणि गायन प्रत्यक्ष, अशी व्यवस्था असताना कर्ट कोबेनने मुद्दाम खर्जात गाऊन आणि गिटारच्या तारांवरून नुसता हात फिरवून सारा बनाव उघडा पाडला.

याउलट बीबीसीवरच १९७१ ते १९८८ या काळात चाललेल्या 'द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट' या कार्यक्रमाने झगमगाटाला फाटा देऊन साध्या स्टुडिओत वादनाला प्राधान्य दिले. जर्मनीच्या 'रॉकपालास्ट'ने तर रात्रभराच्या मैफली अनेक युरोपीय देशांत एकाच वेळी दाखवल्या. त्यामुळे दोन सादरीकरणांची तुलना करताना काही गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. आवाज खरोखर त्या क्षणाचा होता काय, ध्वनिमिश्रण कोणाच्या हाती होते, कॅमेरा वादकाच्या बोटांवर होता की प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर, कलावंताला वेळ किती मिळाला, आणि त्या प्रसंगानंतर नेमके काय बदलले, या त्या गोष्टी होत.

गाजलेले प्रसंग

९ फेब्रुवारी १९६४ रोजी 'बीटल्स' अमेरिकेत एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात प्रथम झळकले. सुमारे सात कोटी तीस लाख प्रेक्षकांनी तो कार्यक्रम पाहिला. शुद्ध सांगीतिक निकषावर हे सादरीकरण त्यांचे सर्वोत्तम नव्हे. जॉन लेननचा आवाज मिश्रणात दबलेला आहे आणि किंकाळ्यांखाली बरेच तपशील बुडाले आहेत. तथापि परिणामाच्या दृष्टीने त्याला तोड नाही. त्या रात्रीनंतर गिटार हाती घेतल्याचे सांगणारे अमेरिकी वादक असंख्य आहेत.

जिमी हेंड्रिक्सचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. ४ जानेवारी १९६९ रोजी बीबीसीवर गायिका लुलू हिच्या कार्यक्रमात 'हे जो' हे ठरलेले गाणे तो वाजवत होता. ते मध्येच थांबवून, नुकत्याच विसर्जित झालेल्या 'क्रीम' या बँडला मानवंदना म्हणून त्याने त्यांचे गाणे सुरू केले. कार्यक्रम थेट असल्याने निर्मात्यांच्या हाती काही उरले नाही. डिसेंबर १९७७ मध्ये एल्व्हिस कॉस्टेलोने अमेरिकेतील 'सॅटरडे नाइट लाइव्ह'मध्ये असेच ठरलेले गाणे थांबवून दुसरे गायले. आपल्याला हेंड्रिक्सचा प्रसंग आठवला होता, असे त्याने पुढे सांगितले. त्या कार्यक्रमात त्याला पुन्हा पाऊल ठेवता आले ते थेट १९८९ मध्ये. दोन्ही प्रसंगांत धाडस सारखेच. पण सांगीतिक मोल पाहिले तर हेंड्रिक्सचे पारडे जड ठरते. कॉस्टेलोचा निषेध शब्दांतून व्यक्त झाला, हेंड्रिक्सचा वादनातून.

पाचगणीचा विद्यार्थी, वेम्बलीचा मंच

महाराष्ट्राला जवळचा वाटावा असा प्रसंग १३ जुलै १९८५ चा आहे. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी झालेल्या 'लाइव्ह एड' या मैफलीचे प्रक्षेपण शंभराहून अधिक देशांत झाले. वेम्बली स्टेडियमवर 'क्वीन' या बँडला मिळाली ती जेमतेम वीस मिनिटे, आणि तीही दिवसाउजेडी. प्रकाशयोजनेचा आधार नाही, समोरचे सगळे प्रेक्षक आपलेच चाहते असतील याची शाश्वती नाही. त्याआधीच्या वर्षी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत कार्यक्रम केल्यामुळे बँडवर टीकाही झाली होती. फ्रेडी मर्क्युरीने त्या वीस मिनिटांत अख्खे स्टेडियम एका तालावर आणले. रॉकच्या थेट प्रक्षेपणांची कोणतीही यादी आज या सादरीकरणाशिवाय पुरी होत नाही.

हा फ्रेडी म्हणजे झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बलसारा. त्याचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. तेथेच त्याने शाळासोबत्यांसह 'द हेक्टिक्स' हा बँड काढला आणि त्यात तो पियानो वाजवीत असे. पाचगणीतला तो मुलगा जगाला दिसला, कारण त्याच्या उमेदीच्या काळात तो अशा देशात होता जिथे रॉकसाठी मंच, ध्वनिमुद्रणगृहे आणि दूरचित्रवाणी या तिन्हींची साखळी तयार होती. हा बँड महाराष्ट्रातच वाढला असता तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर त्याच काळात मुंबईत वाजवणाऱ्या कलावंतांच्या वाटचालीत सापडते.

पडद्याने हात दिलेले

उपेक्षितांना पडद्याने न्याय मिळवून दिल्याची उदाहरणे आहेत. सिस्टर रोझेटा थार्प (१९१५-१९७३) ही कृष्णवर्णीय गायिका-वादक रॉक अँड रोल हा शब्द रूढ होण्यापूर्वीच इलेक्ट्रिक गिटारवर त्या धाटणीचे वादन करीत होती. १९६४ मध्ये ब्रिटनच्या ग्रॅनडा वाहिनीने मँचेस्टरमधील एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर तिचे सादरीकरण चित्रित केले. एका फलाटावर कलावंत आणि समोरच्या फलाटावर प्रेक्षक, अशी ती रचना होती. अंगात कोट, गळ्यात गिटार अशा वेशातील तिचे ते वादन आजही पाहता येते. ती फीत नसती तर तिचे श्रेष्ठत्व केवळ अभ्यासकांच्या तळटिपांत राहिले असते. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला तो २०१८ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी.

गिटारवादक रॉय बुकॅनन याच्यावर १९७१ मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीने माहितीपट दाखवला. जगातील सर्वोत्तम अपरिचित गिटारवादक अशी त्याची ख्याती त्यामुळे झाली आणि ध्वनिमुद्रणाचा करारही हाती आला. निर्वाणाने नोव्हेंबर १९९३ मध्ये 'एमटीव्ही अनप्लग्ड'साठी केलेल्या मैफलीत आणखी वेगळा मार्ग दिसतो. आपली लोकप्रिय गाणी वाजवण्याऐवजी त्यांनी 'मीट पपेट्स' या फारशा परिचित नसलेल्या बँडमधील किर्कवूड बंधूंना मंचावर बोलावले आणि त्यांची तीन गाणी सादर केली. प्रसिद्धीच्या शिखरावरील कलावंताने आपल्या वाट्याचा वेळ इतरांना देण्याचे असे उदाहरण दुर्मीळ म्हणावे लागेल.

प्रिन्सची गोष्ट तर या वादात हमखास निघते. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने २००३ मध्ये शंभर श्रेष्ठ गिटारवादकांची यादी छापली, तीत त्याचे नाव नव्हते. पुढच्याच वर्षी, मार्च २००४ मध्ये, जॉर्ज हॅरिसनच्या स्मरणार्थ झालेल्या सादरीकरणात त्याने अखेरीस जे एकल वादन केले, ते पाहिल्यावर त्या यादीचा फेरविचार करावासा वाटला नाही असा श्रोता विरळा. लोकप्रिय गायक म्हणून झालेल्या नावाखाली वादक म्हणून असलेली योग्यता झाकली जाते, हे यातून दिसले.

मुंबईतील आरंभ आणि नंदू भेंडे

मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याच्या थोडे आधीच, १९७० आणि १९७१ मध्ये, सिगारेट कंपनीच्या आश्रयाखाली झालेल्या 'सिमला बीट' स्पर्धांनी देशभरातील तरुण बँडना मंच दिला होता. विजेत्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. चित्रण मात्र मागे राहिले नाही. पुढे एकमेव सरकारी वाहिनी असलेल्या त्या काळात पाश्चात्त्य धर्तीच्या संगीताला पडद्यावर मिळणारी जागा अगदीच तोकडी होती.

याच पिढीतील नंदू भेंडे हे मराठीभाषक रॉकचे सर्वांत ठळक आणि तरीही अपुरे ओळखले गेलेले नाव. ज्येष्ठ रंगकर्मी आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे हे चिरंजीव. 'सॅव्हेज एन्काउंटर' या बँडमधून गाणारा हा तरुण अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक संगीतिकेत जुडासच्या भूमिकेत गाजला. जुडासची गाणी वरच्या पट्टीत, ताकदीने आणि त्याच वेळी नाट्यपूर्ण रीतीने गावी लागतात. ते आव्हान पेलणारा आवाज मुंबईत होता, ही त्या काळच्या प्रेक्षकांसाठी मोठीच गोष्ट होती.

१९७८ मध्ये थिएटर अकॅडमीने रंगमंचावर आणलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये भेंडे मराठी प्रेक्षकांसमोर आले. ब्रेख्तच्या नाटकाचे हे रूपांतर पु. ल. देशपांडे यांचे आणि दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. नाट्यसंगीत, लावणी आणि पाश्चात्त्य चालींचा बाज एकाच प्रयोगात नांदवणाऱ्या या नाटकात भेंडे यांचे पाश्चात्त्य वळणाचे गायन उठून दिसले. पुढे १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मधील 'कृष्णा धरती पे आजा तू' हे गीत त्यांनी गायले. हा चित्रपट सोव्हिएत रशियापर्यंत पोहोचला. आवाज कोट्यवधींनी ऐकला, पण पडद्यावर चेहरा नटाचा होता. एप्रिल २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

भेंडे यांच्या उपेक्षेचे कारण गुणवत्तेत शोधून सापडणार नाही. इंग्रजी रॉकच्या वर्तुळाच्या लेखी ते नाटक-चित्रपटांत गेलेले गायक होते आणि मराठी रसिकांच्या लेखी इंग्रजी गाणारे. दोन भाषांच्या मधल्या जागेत उभा असलेला कलावंत दोन्हीकडच्या याद्यांतून सुटतो. शिवाय ऐन उमेदीच्या काळात त्यांच्या वाट्याला आला तो रंगमंच, आणि रंगमंचावरचा स्वर पडदा पडला की संपतो.

वाहिन्यांचे दशक

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'रॉक मशीन'चे नशीब थोडे निराळे निघाले. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन आदींच्या या बँडने परक्या गाण्यांच्या नकला सोडून स्वतःची इंग्रजी गाणी रचली आणि १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी धोबी तलावाच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव सुरू केला होताच. उपग्रह वाहिन्या आल्यावर या साऱ्याला चित्ररूप मिळाले. १९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले आणि 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला १९९५ मध्ये एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला आणि २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला.

मात्र येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. वाहिन्यांनी प्रसिद्धी दिली ती चित्रफितींना, प्रत्यक्ष वादनाला नव्हे. चित्रफीत तयार करण्यास पैसा लागतो आणि तो बहुतेक बँडकडे नसे. रंगभवनात हजारो श्रोत्यांना उभे ठेवणारे अनेक वादक त्यामुळे पडद्याबाहेरच राहिले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे २००३ च्या सुमारास रंगभवनातील मैफली थांबल्या आणि शहराच्या मध्यावरचा परवडणारा खुला मंचही गेला.

त्यानंतरचा आधार मिळाला तो खासगी जागांचा. ध्रुव घाणेकर आणि आशुतोष फाटक या मराठी नावांचा ज्यांच्या संस्थापकांत समावेश होता, ते लोअर परळचे 'ब्लू फ्रॉग' २००७ मध्ये सुरू झाले आणि २०१६ मध्ये बंद पडले. घाणेकर हे गिटारवादक म्हणून पहिल्या रांगेतले. फाटक यांनी पुढे संगीतशिक्षणाची संस्था काढली. मराठी वाचकाला ही दोन नावे कितपत ठाऊक आहेत, हे ज्याने त्याने स्वतःला विचारून पाहावे.

मराठी पडद्यावरचे वादक

मराठी वाहिन्यांवर रॉकला स्वतंत्र जागा अशी मिळाली नाही. पण थेट गायनाची गोडी लावण्याचे काम 'सारेगमप'ने निश्चित केले. २००८-०९ मधील 'लिट्ल चॅम्प्स'च्या पर्वात आळंदीच्या कार्तिकी गायकवाडने बाजी मारली. प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत हे अंतिम फेरीतील इतर चौघे. निकालानंतर घराघरांत झालेली चर्चा रॉकप्रेमींच्या वादांपेक्षा काही निराळी नव्हती. शास्त्रीय बैठक, लोकसंगीताचा ठसका आणि पाश्चात्त्य बाजाचे गाणे यांना एकाच फूटपट्टीने मोजावे काय, हाच तो जुना प्रश्न. लातूरच्या रोहितचा कल शेवटच्या प्रकाराकडे, आणि तो प्रकार पेलण्यासाठी लागणारी वेगळी मेहनत एसएमएसच्या मतांत मोजली जात नाही.

या मालिकेची दुसरी कामगिरी अधिक मोलाची. वाद्यवृंद मागच्या अंधारात बसवण्याची पद्धत तिने मोडली. संगीत संयोजक कमलेश भडकमकर, बासरीवादक अमर ओक, की-बोर्डवरचे सत्यजित प्रभू, ढोलकीवरचे नीलेश परब, तबल्यावरचे अर्चिस लेले ही नावे प्रेक्षकांना पाठ झाली. हिंदी चित्रपटांत दशकानुदशके गिटार वाजवणाऱ्यांना जे भाग्य लाभले नाही, ते या वादकांना काही महिन्यांत लाभले. 'कर्ज'मधील गिटारची धून गुणगुणणाऱ्या किती जणांना गोरख शर्मा हे नाव सांगता येईल? कॅमेरा वादकाकडे वळवणे आणि निवेदकाने त्याचे नाव उच्चारणे, एवढ्या साध्या कृतीने उपेक्षा थांबू शकते, हे यातून सिद्ध झाले.

वादाच्या दोन बाजू

'खरा गुण झाकून राहत नाही', असे एक मत नेहमी मांडले जाते. बुकॅनन आणि थार्प यांची उदाहरणे त्याच्या पुष्टीसाठी देता येतील. मात्र या दोघांनाही कोणा निर्मात्याने कॅमेऱ्यासमोर उभे केले, हे विसरता येत नाही. ज्यांना असा निर्माता भेटला नाही त्यांची गणतीच होत नसल्याने हे मत खोडून काढणेही अवघड होते.

दुसरे मत, सारा दोष वाहिन्यांवर टाकणारे, तेही पुरते खरे नाही. आपल्याकडील अनेक बँडनी वर्षानुवर्षे परकी गाणीच वाजवली. स्वतःची रचना, त्यातही स्वतःच्या भाषेतील रचना, करणारे थोडे होते. नक्कल कितीही हुबेहूब असली तरी पडद्यावर ती मूळ कलावंताचीच आठवण करून देते. शिवाय ध्वनिफिती आणि चित्रफिती जपण्याबाबत कलावंतही बेफिकीर राहिले. ही बेफिकिरी केवळ आपल्याकडची नव्हे. 'टॉप ऑफ द पॉप्स'चे सुरुवातीच्या वर्षांतील बहुतांश भाग खुद्द बीबीसीने पुसून टाकले, कारण फीत महाग होती आणि पुन्हा वापरता येत होती.

मीरा-भाईंदरपुरते बोलायचे तर

पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांहून अधिक लोक राहत होते. नगरपालिका १९८५ ची, महानगरपालिका २००२ ची. पण शहराला महापालिकेचे नाट्यगृह मिळाले ते २०२२ मध्ये, दहिसर चेकनाक्याजवळ, लता मंगेशकर यांच्या नावाचे. तोवर येथील तरुणाला गिटार पाठीला लावून लोकलने अंधेरी, वांद्रे किंवा थेट चर्चगेट गाठण्यावाचून पर्याय नव्हता. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. सोसायटीतील सदनिकेत ड्रम वाजवणे शेजाऱ्यांना सोसणारे नाही, आणि तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जॅम रूमचा खर्च विद्यार्थ्याला जड जातो. मीरा रोडच्या एखाद्या इमारतीत उत्तम गिटारवादक असला तरी तो चार भिंतींबाहेर ऐकू येऊ नये, अशी ही सगळी व्यवस्था आहे.

आता चित्रणासाठी वाहिनीच्या दारात उभे राहावे लागत नाही, ही जमेची बाजू. भ्रमणध्वनीवर टिपलेले वादन जगभर पोहोचू शकते. तरीही दूरचित्रवाणीच्या थेट प्रक्षेपणाने जे दिले ते असे आपोआप मिळत नाही. ठरलेली वेळ, चांगले ध्वनिमिश्रण, समोर जिवंत श्रोते आणि चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची सोय नाही, या चार अटींत कलावंताची खरी पारख होते. फ्रेडी मर्क्युरीला ती वीस मिनिटे मिळाली, नंदू भेंडे यांना कॅमेऱ्यासमोर तशी मिळाली नाहीत. महापालिकेच्या नाट्यगृहात महिन्यातील एक संध्याकाळ स्थानिक बँडसाठी राखून तिचे नीट ध्वनिचित्रमुद्रण करून ठेवले, तर फार मोठा खर्च येणार नाही. पुढची पिढी जेव्हा राहून गेलेल्या नावांचा वाद घालू लागेल, तेव्हा तिच्या हाती निदान पुरावा तरी असेल.